पडीक वावर आणि घरची शेती

गेल्या पालकसभेच्या दिवशी, सभा आटोपून मंडळी पांगू लागली असता, एका विद्यार्थ्याचे वडील आमच्याकडे आले व थोड्या संकोचाने म्हणाले, "सर, गावाकडे आमचं दीड एकर रान आहे. वीस वर्षांत त्यात नांगर गेला नाही. पोरं म्हणतात, सुट्टीच्या दिवशी जाऊन तिथं काही लावू. सुरुवात कुठून करावी?" त्या वेळी आम्ही जे तुटक उत्तर दिले, त्याने त्यांचे समाधान झाले नसावे, आमचे तर खचितच झाले नाही. मागाहून वर्गात सहज विचारले, तेव्हा अशी टाकून दिलेली जमीन पुष्कळांच्या घरी असल्याचे आढळले. कोणाची खेड तालुक्यात, कोणाची मावळात, कोणाची थेट मराठवाड्यात. आजोबा पिंपरीच्या किंवा चिंचवडच्या कारखान्यात नोकरीस लागले, सांगवीत बिऱ्हाड केले, आणि गावाकडचे वावर प्रथम वाट्याने, मग खंडाने गेले व शेवटी कोणीच न कसल्यामुळे ओस पडले. त्या सद्गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर येथे थोडे सविस्तर द्यावे असा विचार आहे. ह्या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार एवढाच की, आम्ही स्वतः ह्या कामी चांगलेच चुकलो आहोत.

जमीन ओस का पडते, हे प्रथम पाहिले पाहिजे. आपल्या शाळेपासून जवळच, पवनेच्या काठी, पिंपळे सौदागर आहे. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत. शंभर वर्षांपूर्वी ते शेतकऱ्यांचे खेडे होते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी त्या काळी ह्या गावाची बांधन्‌बांध पाहणी केली व तिचा वृत्तांत १९१७ साली 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' ह्या नावाने प्रसिद्ध केला. त्यांस असे आढळले की, १७७१ साली ह्या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली व १९१५ च्या सुमारास अवघी सात एकर राहिली. १५६ खातेदारांच्या जमिनीचे मिळून ७२९ तुकडे झाले होते. त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहून लहान, तर ११२ तुकडे पाव एकराहूनही लहान होते. बापाच्या शेताचे मुलांत, मुलांच्या शेताचे नातवांत वाटे होता होता ही दशा झाली. ज्या तुकड्यावर बैलजोडीदेखील पोसवत नाही, त्यावर कुटुंब कसे पोसावे? माणसे नोकरीकडे वळली हा त्यांचा आळस नव्हे.

परंतु पोट भरण्यास जो तुकडा अपुरा, तोच घरच्या भाजीस, चार फळझाडांस आणि मुलांच्या हातांस काम देण्यास पुरेसा होतो. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे असे प्रतिपादन केले की, नीट हिशेबाने कसल्यास दहा गुंठे जमीन पाच माणसांच्या कुटुंबास पुरू शकते. विद्यार्थिमित्रांनी ध्यानात ठेवावे की, गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागा. अशा चाळीस गुंठ्यांचा एक एकर. दहा गुंठे म्हणजे फार मोठी जागा नव्हे. तथापि तेवढी तरी नीट सांभाळता येईल काय, हा खरा प्रश्न. आणि तो आमच्या मते श्रमाचा नसून पाण्याचा आहे. त्याकडे वळण्यापूर्वी कागदांविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे.

सातबाराचा उतारा काढल्याशिवाय वावरात कुदळ नेऊ नये. त्याचा नमुना सात मालकी दाखवितो व नमुना बारा पिके दाखवितो. वर्षानुवर्षे पड राहिलेल्या जमिनीचे कागदही बहुधा पडच असतात. मृत आजोबांचे नाव तसेच, वारसांची नोंद नाही, बहिणींची नावे नाहीत. आमच्या उताऱ्यावर आम्हां दोघां भावांची नावे होती, भगिनीचे नव्हते. आम्हां ख्रिस्ती कुटुंबांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे व त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान आहे. असे असता ही चूक तशीच राहून गेली होती. प्रथम ती दुरुस्त केली. जमीन वारशाने आली नसून विकत घ्यावयाची असेल, तर १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याप्रमाणे, जो शेतकरी नाही त्यास शेतजमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून घेता येत नाही, हे विसरू नये. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्यास स्वतःच्या पिकाची नोंद मोबाईलवरून करता येते. तीही करीत जावी, म्हणजे उताऱ्यावरील 'पड' हा शब्द एकदाचा जातो. बांधाविषयी शेजाऱ्याशी वाद असेल, तर भांडण न करता भूमि अभिलेख कार्यालयात मोजणीसाठी अर्ज करावा.

आता आमची हकीकत. खेड तालुक्यात, चाकणच्या पलीकडे, आमच्या वडिलांच्या वाट्याचा एक एकर तेरा गुंठ्यांचा तुकडा आहे. उताराची मुरमाड जमीन. वरच्या अंगास घाणेरी व बाभळी, खालच्या अंगास हरळी, आणि कोपऱ्यात गाळाने अर्धी भरलेली एक जुनी विहीर. वडील निवर्तल्यावर थोरले बंधू म्हणत, विकून टाकू; प्लॉट पाडणारे दलाल दारी येतच होते. आम्ही हट्टाने एक वर्षाची मुदत मागून घेतली. मुदतीचे वर्ष म्हणजे काहीतरी करून दाखविण्याचे वर्ष, अशी आमची समजूत! जुलैत चाळीस खड्डे खणविले, चाळीस केशर आंब्याची कलमे लावली, चहूकडे काटेरी कुंपण केले आणि छायाचित्रे काढून सर्व नातेवाइकांस पाठविली. पावसाळाभर कलमे उत्तम वाढली. पुढे दर रविवारी पाणी घालण्याचा नेम ठरला. परंतु उपासना आटोपून निघावे, चाकणच्या चौकातील गाड्यांच्या रांगेत तास घालवावा, पोहोचावे तो दुपार टळलेली. विहिरीतून बादल्या ओढून विसाव्या झाडापर्यंत जावे तो अंधार. फेब्रुवारीत दोन रविवार परीक्षांच्या कामात गेले. मार्चात शेजारच्या माळावर लागलेला वणवा आमच्या वाळल्या गवतात शिरला. एप्रिलअखेर मोजले, तेव्हा चाळीसांपैकी सात कलमे जिवंत होती. बंधू काही बोलले नाहीत, हेच आम्हांस अधिक लागले. शेजारच्या बांधावरचे एक वृद्ध शेतकरी मात्र स्पष्टच म्हणाले, "सर, झाडं लावलीत, पण पाणी कुठं लावलंत?"

पाणी लावायचे म्हणजे काय, हे समजून घेण्यास आम्ही पुरंदर तालुक्यातील नायगावचा वृत्तांत वाचला. तो प्रत्येक विद्यार्थ्याने वाचण्याजोगा आहे. विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंते व कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात पुरंदरची माणसे खडी फोडून पोट भरीत असलेली त्यांनी पाहिली. ह्या कामांतून दुष्काळ हटणार नाही, असे मनाशी ठरवून त्यांनी १९७४ मध्ये 'ग्राम गौरव प्रतिष्ठान' ही संस्था काढली व नायगाव येथे देवस्थानची चाळीस एकर ओसाड, उताराची जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेतली. हा भाग पर्जन्यछायेतला. पाऊस तुटपुंजा व बेभरवशाचा. साळुंखे यांनी पिकाचा विचार मागाहून केला. प्रथम उतारावर आडवे बांध घालून धावते पाणी थोपविले. पायथ्याशी पाझर तलाव केला. तलावाच्या खाली विहीर खणली, म्हणजे मुरलेले पाणी तीत यावे. आणि ते पाणी पंपाने उचलून वरच्या शेतांस दिले. ओसाड माळावर पीक उभे राहिले, ते ह्या क्रमाने.

परंतु आम्हांस त्याहूनही महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. ह्या प्रयोगातून 'पाणी पंचायत' निघाली व तिने पाणीवाटपाचे नियम केले. पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातील माणसांच्या संख्येने द्यावयाचे. माणशी अर्धा एकर भिजेल इतके, व एका कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरते. ऊस लावावयाचा नाही. ज्यास जमीन नाही, त्याचाही पाण्यात वाटा. म्हणजे एखाद्याची जमीन वीस एकर असली, तरी त्याची भिजणारी शेती घरातील माणसांनीच ठरावयाची. साळुंखे २००२ साली वारले. आमच्यापुरता त्यातून एवढाच बोध आम्ही घेतला की, आपले वावर किती मोठे हे सातबाऱ्यावर न पाहता विहिरीत पाहावे.

ते कसे पाहावे, हे मुलांस सहज कळण्याजोगे आहे. विहिरीतील गाळ उन्हाळ्यात काढून घ्यावा. (ह्या कामी जाणते मजूर लावावेत, जुन्या विहिरीत मुलांस उतरू देऊ नये, व काठास कंबरभर उंचीचा कठडा बांधल्यावाचून त्यांस तिकडे फिरकूही देऊ नये.) मग मे महिन्यात, जेव्हा झरे सर्वांत क्षीण असतात, तेव्हा सायंकाळी पाणी उपसून खाली न्यावे, एका दोरीस फुटाफुटावर गाठी मारून व टोकास दगड बांधून पातळी मोजावी, आणि सकाळी पुन्हा मोजावी. आमच्या विहिरीचा व्यास बारा फूट. तेव्हा तिचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस फूट. रात्रभरात पाणी एक फूट चढले. म्हणजे ११३ घनफूट पाणी आले. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटरांहून किंचित अधिक पाणी मावते, तेव्हा सुमारे ३,२०० लिटर झाले. भर उन्हाळ्यात भाजीच्या एक चौरस मीटर वाफ्यास दिवसाकाठी ढोबळमानाने पाच लिटर पाणी लागते. ३,२०० भागिले ५ म्हणजे ६४० चौरस मीटर. एक गुंठा १०१ चौरस मीटरांचा. उत्तर आले सव्वासहा गुंठे. त्यातून पाटात मुरणारे व उन्हाने उडणारे पाणी वजा करा. सातबाऱ्यावर त्रेपन्न गुंठे, आणि विहिरीच्या हिशेबाने पाच! ज्या दिवशी हे गणित आमच्या कन्येने वहीच्या मागील पानावर मांडून दाखविले, त्या दिवशी आमची हौस ताळ्यावर आली. चाळीस आंबे लावण्यापूर्वी हे गणित करण्यास आम्हांस कोणी मनाई केली नव्हती.

उरलेल्या अठ्ठेचाळीस गुंठ्यांचे काय करावयाचे? त्यांनी पाऊस झेलावयाचा. पुणे परिसरात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. तेव्हा एका एकरावर वर्षात सुमारे अठ्ठावीस लक्ष लिटर पाणी पडते. ह्यातील मोठा भाग पडीक उतारावरून मातीसह ओढ्यास जातो. तो थोपविण्यास समतल चर खणावे लागतात, व समतल रेषा शोधण्यास फार मोठे यंत्र लागत नाही. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वरच्या टोकाशी एकत्र बांधाव्या, पाय फाकून मध्ये एक आडवी काठी बांधावी, व वरच्या गाठीतून दोरीने एक दगड लोंबता सोडावा. हे साधन उभे करून दोरी आडव्या काठीस जेथे स्पर्श करील तेथे खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून, म्हणजे डावा पाय उजव्याच्या जागी व उजवा डाव्याच्या जागी ठेवून, दुसरी खूण करावी. दोहोंच्या बरोबर मध्ये तिसरी खूण केली की साधन तयार. आता उतारावर एक पाय रोवून दुसरा असा हलवावा की दोरी मधल्या खुणेवर यावी. तेव्हा दोन्ही पाय एकाच उंचीवर आले. तेथे खुंटी ठोकून पुढे चालावे. खुंट्यांची जी ओळ तयार होते ती सरळ कधीच नसते. ती जमिनीच्या अंगाप्रमाणे वळत जाते, आणि मुलांस ह्यात विलक्षण मौज वाटते. त्या ओळीवर दीड फूट रुंद व तितकाच खोल चर खणून माती खालच्या बाजूस टाकावी, आणि मधून मधून थोडी जागा न खणता सोडावी, म्हणजे पाणी आडवे धावत नाही. आमच्या तुकड्यात असे चार चर झाले. दुसऱ्या वर्षी आम्ही एवढेच काम केले. कोणी विचारले, यंदा काय लावले, तर सांगावयास काही नव्हते.

तणांविषयी थोडक्यात. हरळीच्या काशा जमिनीत खोल असतात. एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट करून त्या वेचून उन्हात वाळवाव्या. नुसती वरवर कापणी केल्याने ती अधिक जोमाने येते. गाजर गवत हे आपल्या देशातले नव्हे. १९५५ च्या सुमारास त्याची नोंद प्रथम पुण्यातच झाली, आणि मग ते देशभर पसरले. ते फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटावे, व उपटताना हातमोजे घालावे, कारण त्याने पुष्कळांच्या अंगास खाज व श्वासास त्रास होतो. दाट झुडपांत हात घालण्यापूर्वी काठी आपटावी, पायांत उंच बूट असावे. पडीक रानात घोणस व फुरसे ही असावयाचीच. डिसेंबरातच कुंपणाच्या आतून आठ-दहा फूट रुंदीची पट्टी गवत काढून मोकळी करावी. वन खात्याचे लोक ह्यास जाळरेषा म्हणतात. ती आम्ही पहिल्या वर्षी केली असती, तर कदाचित आणखी काही कलमे वाचली असती.

मातीत जीव आणण्यास ताग उत्तम. जूनमध्ये पहिल्या पावसावर एकरी वीस-पंचवीस किलो बी फेकावे व सहा-सात आठवड्यांनी फुलावर येताच तो जमिनीत गाडावा. मुरमाड भागात हुलगा, मटकी, तूर ही कोरडवाहू कडधान्ये पावसाच्या पाण्यावरच येतात. त्यांस विहिरीकडे हात पसरावा लागत नाही. झाडांत आम्ही आता सीताफळ व शेवगा पसंत करतो. सीताफळाचा पाला शेळ्या खात नाहीत, व ज्या शेतावर मालक आठवड्यातून एकदाच येतो तेथे हा गुण थोर आहे. प्रत्येक रोपाशेजारी एक मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, त्यात पाणी भरून वर झाकण ठेवावे. ते आठवडाभर झिरपत राहते व रविवारच्या शेतकऱ्याची लाज राखते. भाजी मात्र विहिरीच्या पाच गुंठ्यांतच: पावसाळ्यात भेंडी, गवार, दोडका, हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा, वांगी. मे महिन्यात वाफे रिकामे ठेवावे, ही आमची शिफारस आहे. शेजारी हसतील, हसू द्यावे.

पालकांनी खर्चाचा प्रश्न विचारावा हे रास्तच आहे. ह्या शेतीत पैसे सुटत नाहीत. गाडीचे इंधन, गाळ काढण्याची मजुरी, कुंपण, हे सर्व धरले तर आमची भेंडी सांगवीच्या मंडईपेक्षा पुष्कळ महाग पडते, आणि हे जो लपवील तो आपली फसवणूक करील. म्हणून आरंभीच घरात स्पष्ट ठरवावे की, वर्षाकाठी अमुक इतकी रक्कम ह्यात घालावयाची, अधिक नाही. कर्ज तर मुळीच काढावयाचे नाही. तसेच दर आठवड्यास सर्वांनी आलेच पाहिजे, असा जुलूम मुलांवर करू नये. आमच्या धाकट्यास शेतात मुळीच गोडी नाही. तो गाडीत बसून पुस्तक वाचतो. त्यास एकदा बळेच खुरपे दिले, तर त्याने तणाबरोबर मेथीही काढून ठेवली.

आज ह्या उद्योगास चौथे वर्ष आहे. सात आंब्यांपैकी सहा उभे आहेत, त्यांस अद्याप फळ नाही. गेल्या मे महिन्यात रात्रभरात विहिरीचे पाणी सव्वा फूट चढले. हा चरांचा गुण म्हणावा, की मागील पावसाळा बरा झाला होता त्याचा, हे एका वर्षावरून ठरविता येत नाही, व आमच्या कन्येने वहीत तशी टीप लिहून ठेविली आहे. उत्तरेकडील बांधाच्या मोजणीची तारीख अजून यावयाची आहे. थोरल्या बंधूंनी विकण्याचा विषय सोडलेला नाही. मात्र दोरीच्या गाठी पावसाने सैल झाल्या म्हणून मागील महिन्यात त्यांनी स्वतः एक बांबू आणून त्यावर फुटांच्या खुणा रंगविल्या व तो विहिरीत उभा केला. दलालाचा दूरध्वनी आला तर ते त्यास मोजणी झाल्यावर बोलू असे सांगतात. ज्या सद्गृहस्थांनी प्रश्न विचारला त्यांस, आणि ज्या विद्यार्थ्यांस ती तीन काठ्यांची समतल रेषा प्रत्यक्ष पाहावयाची असेल त्यांस, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या कोणत्याही रविवारी आमच्याबरोबर येता येईल. निघण्याची वेळ दुपारी बारा. पायांत बूट असावेत, व प्यावयाचे पाणी प्रत्येकाने आपले आपण आणावे.